काटा खरा झाला तेव्हा

तिसगाव, ता. पाथर्डी
२६ ऑक्टोबर २०२५

ति. कानिफनाथ मामांस,
वाल्मिकचा नमस्कार.

भाऊबीजेला तुमची भेट होऊन तीनच दिवस झाले आणि लगेच पत्र आलं म्हणून घाबरू नका. आईची तब्येत आहे तशीच आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "व्हय, व्हय" म्हणता आणि मामींनी विचारलं की "समदं बरं हाय म्हनतो" एवढंच सांगता. गॅरेजमधल्या इंजिनांनी तुमचे कान नेले, त्याला तुम्ही काय करणार. पण मला जे विचारायचं आहे त्यात एक शब्द इकडचा तिकडे झालेला चालणार नाही.

आपल्या व्हॅनचा पेट्रोलचा काटा खोटा आहे. तुम्हाला एसटी स्टँडवर सोडायला आलो तेव्हा तो लाल रेषेच्या खाली गेला होता, हे तुम्हीही पाहिलंत. टाकी पूर्ण भरली तरी तो पाऊणच्या वर चढत नाही आणि लाल रेषेला टेकल्यावरही गाडी चालतच राहते. खड्ड्यात आदळली की एकदम वर उडतो आणि परत पडतो. अण्णांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "काटा बघून कोन गाडी चालवतं? त्यो लालला टेकला की आनखी एकदा नगरला जाऊन यायचं, मंग टाकायचं पेट्रोल."

तुम्हाला माहीतच आहे, अण्णा मंगळवार आणि शुक्रवारी आईला डायलिसिसला नगरला नेतात. पेट्रोल फक्त नगरच्या त्यांच्या ओळखीच्या पंपावर टाकतात. तिथलं माप खरं आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. तिसगावात दोन पंप आहेत, पण तिथे ते हवासुद्धा भरत नाहीत. म्हणजे टाकी तळाला आली तरी आधी घाट चढायचा आणि मग पेट्रोल. आता गावातले निम्मे लोक ऊसतोडीला गेले आहेत, दारात दुसरी गाडी उभी नाही. करंजी घाटात व्हॅन बंद पडली आणि आई आत असली तर, हा विचार आला की मला रात्री झोप लागत नाही. मी छापखान्यात लग्नपत्रिकांतल्या चुका शोधतो. चूक दिसली की माझ्याने ती तशी सोडवत नाही.

काटा घरी दुरुस्त करता येईल का? येत असेल तर कसा, ते सविस्तर लिहा. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
वाल्मिक

*

श्रीरामपूर
२ नोव्हेंबर २०२५

चि. वाल्मिकास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी वाचलं आणि एकदा तुझ्या मामीने मोठ्यांदा वाचलं, ते मला ऐकू आलं नाही. अक्षर मोत्यासारखं आहे, पण जीव मुंगीएवढा आहे तुझा.

काम अवघड नाही. आधी दोष कुठे आहे ते बघ. टाकीवर एक वायर येते, ती काढून गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकव आणि चावी फिरव. काटा वरपर्यंत गेला तर वरचं मीटर चांगलं आहे, खोड टाकीत आहे. टाकीत एक दांडी असते, तिच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा. पेट्रोल उतरलं की डबा उतरतो, दांडी उतरते, काटा उतरतो. दांडी वाकली असेल तर काटा जन्मभर खोटं बोलेल. आणि दांडीची अर्थची वायर गंजली असेल तर तो नाचेल.

बॅटरीची वायर आधी सोड. पेट्रोल उपसून कॅनमध्ये काढ. उघड्यावर कर, चूल, बिडी, उदबत्ती काही जवळ नको. रबरी वायसर नवीन टाक, जुन्यावर भागवू नको. दांडी हाताने वाकव, पक्कड लावू नको. थोडी वाकव, बघ, परत थोडी. घाई केलीस तर मोडेल.

दाजींना विचारून हात लाव. ती व्हॅन त्यांची आहे. पाथर्डी रोडला जीप चालवायचे तेव्हापासून त्यांच्या गाडीला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नाही, मी लावला तरी तोंड वाकडं व्हायचं.

तुझ्या आईला, छबूला सांग, मीठ बंद म्हणजे बंद. लोणच्याच्या बरणीकडे बघायचंसुद्धा नाही.

तुझा मामा

*

तिसगाव
१० नोव्हेंबर २०२५

ति. मामांस नमस्कार.

काम झालं. काल रविवारी अण्णा शेवगावला दहाव्याला गेले होते, दुपारपर्यंत यायचे नव्हते. तुम्ही लिहिलं तसंच केलं, एकही पायरी सोडली नाही. वायर पत्र्याला टेकवली तर काटा सरळ वर गेला. मग टाकीतली दांडी काढली. ती मधोमध वाकलेली होती, कधीतरी कुणीतरी जोर करून बसवली असावी. अर्थची वायर तर हातात तुटूनच आली. नवी जोडली. दांडी सरळ करायला मला फार वेळ लागला, कारण प्रत्येक वेळी मोजून पेट्रोल ओतायचं, काटा बघायचा, परत उपसायचं. आई ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "आरं, बाळाला न्हाऊ घातल्यागत काय चाललंय तुझं?"

आता काटा खरा आहे. रिकामी असली तर रिकामी दाखवतो, अर्धी असली तर अर्धी. खड्ड्यात नाचत नाही. मामा, मला इतकं हलकं वाटलं की मी गाडीत नुसता बसून काट्याकडे बघत राहिलो.

उपसलेलं पेट्रोल परत टाकलं. काटा पूर्वीपेक्षा थोडा वर दिसतो आहे, पण तो आधीही खालीवर नाचायचाच, त्यामुळे अण्णांच्या लक्षात आलेलं नाही. अण्णांना मी अजून बोललो नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि आता सांगितलं तर आधी ओरडा बसेल. त्यांच्या लक्षात येईल तेव्हा सांगेन. खोटं खरं केलं आहे, खऱ्याचं खोटं नाही. त्यात कुणाचं काय बिघडणार आहे?

आपला,
वाल्मिक

*

श्रीरामपूर
१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. वाल्मिक,

पत्र आत्ता हातात पडलं. लगेच लिहितो आहे, पोस्टमन दारातून गेलाही नसेल.

काम चांगलं केलंस. पण दाजींना आजच्या आज सांग. अरे, तो माणूस कित्येक वर्षं त्या खोट्या काट्यावर गाडी हाकतो आहे. काटा किती खोटं बोलतो ते त्याला पाठ आहे. लालला टेकला म्हणजे अजून नगरची एक खेप शिल्लक, हे त्याचं गणित. तू काटा बदललास, गणित त्याच्या डोक्यात तेच आहे. आता लालला टेकला म्हणजे काहीच शिल्लक नाही.

ओरडले तर ओरडू दे. मी तुझ्या आईला फोन करायला मामीला सांगितलं, पण लागत नाही.

मामा

*

तिसगाव
२३ नोव्हेंबर २०२५

ति. मामा,

तुमचं पत्र मला मंगळवारी मिळालं. त्याच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं.

ज्या शुक्रवारी तुम्ही पत्र लिहीत होतात, त्याच सकाळी अण्णा आईला घेऊन निघाले. काटा लाल रेषेवर होता. अण्णा आईला म्हणाले, "आज येताना टाकू पेट्रोल." मी छापखान्यात होतो. करंजी घाटात, वरच्या वळणाच्या थोडं आधी, व्हॅनने दोन धक्के दिले आणि थांबली. मागे उसाचे ट्रक लागले. अण्णांनी बॉनेट उघडून सगळं तपासलं. प्लग काढून पुसले, पंपाची नळी काढून बघितली. पेट्रोल संपलं असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही, कारण त्यांच्या हिशोबाने एक खेप बाकी होती. शेवटी टाकीचं झाकण उघडून आत काडी घातली, ती कोरडी आली.

एका दुधाच्या पिकअपवाल्याने करंजीतून पेट्रोल आणून दिलं. नगरला पोहोचेपर्यंत आईची पाळी दुसऱ्याला गेली होती. दवाखान्यात संध्याकाळी तिला घेतलं. तोपर्यंत तिला धाप लागली होती, बाकड्यावर बसून पुढे वाकून श्वास घेत होती असं अण्णांनी सांगितलं. आता ती बरी आहे. हे मी दोनदा लिहितो, मामा, आता ती बरी आहे.

घरी आल्यावर अण्णा जेवले नाहीत. व्हॅनची चावी देव्हाऱ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हितून फुडं तू ने तुझ्या आईला. माजा अंदाज गेला. काटा बी दिसना बराबर, आन् गाडीचं पोट बी कळंना. घाटात बाईमाणसाला घिऊन उभं ऱ्हायची पाळी आली." मी समोर उभा होतो. मी चावी उचलली.

त्यानंतरच्या खेपा मी नेल्या. छापखान्यात आठवड्याला दोन दिवसांची सुट्टी ठरवून घेतली आहे. गाडी मी हळू चालवतो, पेट्रोल तिसगावात टाकतो, काटा अर्ध्याखाली येऊ देत नाही. आई मागच्या सीटवर पाय वर घेऊन झोपते. अण्णांबरोबर ती पुढे बसायची. दोघं जाताना-येताना सारखे बोलत असायचे, कुणाच्या विहिरीला पाणी आहे, कुणी सोयरीक मोडली. घरात ते दोघं कधी चार वाक्यं बोलत नाहीत, सगळं बोलणं त्या व्हॅनमध्ये व्हायचं. हे मला आत्ता कळलं. परवा मी विचारलं, "आई, पुढं बस की." तर म्हणाली, "तू गाडी चालवताना लई गप ऱ्हातोस. मागंच बरं."

अण्णा सकाळी गाडी धुतात, काच पुसतात, आणि मी चावी लावली की आत निघून जातात.

मामा, मी असा विचार करतो की त्यांचं वय एकसष्ट आहे, डाव्या डोळ्याला मोतीबिंदू सुरू झालाय असं डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आज ना उद्या त्यांना गाडी सोडावीच लागली असती. मग आत्ताच सोडली तर काय वाईट? आई माझ्या हातात जास्त सुरक्षित आहे. मी सांगितलं तर ते परत चालवायला लागतील. हे बरोबर आहे की मी स्वतःची समजूत घालतो आहे, तेवढं लिहा.

वाल्मिक

*

श्रीरामपूर
२८ नोव्हेंबर २०२५

चि. वाल्मिक,

समजूत घालतो आहेस.

दाजींचा डोळा कमी झाला असेल तर डॉक्टरला दाखव, चष्मा लागेल, ऑपरेशन होईल. डॉक्टर म्हणाला सोडा, तर सोडतील. ती वेगळी गोष्ट. पण तो माणूस घरात बसलाय तो डोळ्यामुळे नाही. आपल्या हातून बायको घाटात मेली असती असं त्याला वाटतंय म्हणून बसलाय. आणि ते खरं नाही, हे जगात तुला आणि मला दोघांनाच माहीत आहे.

माझं सांगतो. माझा कान गेला तेव्हा मी स्वतः पाना खाली ठेवला. इंजिन ठोकतंय का हे ऐकू येईना तर दुसऱ्याच्या गाडीला हात कशाला लावायचा. वाईट वाटलं, पण रात्री झोप लागली, कारण माझं खरोखर गेलं होतं. ज्याचं गेलेलंच नाही त्याला झोप कशी लागेल? तुझ्या आईला विचार, ते रात्री झोपतात का.

तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार नाही. मामा मधे पडला की भाचा मोठा होत नाही. पण पुढच्या पत्रात दुसरं काही लिहिलंस तर मी ते वाचणार नाही.

मामा

*

तिसगाव
७ डिसेंबर २०२५

ति. मामांस नमस्कार.

सांगितलं.

मंगळवारी नगरहून आल्यावर अण्णा गाडी पुसत होते, तेव्हा सांगितलं. बोलायचं काय ते मी आधी मनात नीट लावून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं की "अण्णा, तुमचा अंदाज गेला नव्हता. काटा मी सरळ केला होता."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी दांडी, फ्लोट, दहाव्याचा रविवार, सगळं सांगितलं. तुमचं नाव घेतलं, माफ करा. ते फडकं पिळत राहिले. मला वाटलं मारतील. लहानपणी मारलं असतं.

म्हणाले, "घाटात गाडी बंद पडली त्याचं मला काय न्हाई. गाडी हाय, पडती बंद. पन तीन आठवडं मी म्हातारा झालो, आन् तू रोज बघत हुतास."

मी पाण्याची बादली उचलून बाजूला ठेवली.

आई ओट्यावरून ऐकत होती. ती म्हणाली, "पोरानं माज्या काळजीनंच केलं." तर अण्णा तिच्यावरच वळले, "तुला म्हाईत हुतं?" ती म्हणाली, "पोरगं गाडीखाली झोपलेलं बघितलं मी. काय करतंय ते मला काय कळतंय? तुमाला कळलं न्हाई, मला काय कळनार." यावर अण्णा थोडे हसल्यासारखे झाले, पण मला दिसू नये म्हणून पाठ फिरवली.

शुक्रवारी मी आईला न्यायला निघालो तर अण्णा चावी घेऊन आधीच गाडीत बसले होते. काट्याकडे बघून माझ्याकडे बघितलं आणि उतरले. म्हणाले, "न्हाई. हा काटा मला वळकीचा न्हाई. पयला हुता तसा करून दे, मंग चालवतो."

म्हणजे त्यांना खोटा काटाच परत हवा आहे. मामा, दांडी परत वाकवणं अवघड नाही. पण जी चूक मी माझ्या हाताने सुधारली ती माझ्याच हाताने परत करायची, या विचाराने माझा हात जात नाही. तरी त्यांच्यासाठी करीन. फक्त किती वाकवायची ते सांगा. पहिली किती वाकलेली होती ते मी मोजून ठेवलं नाही, ती वाकडी होती म्हणून मला मोजावीशी वाटली नाही.

आपला,
वाल्मिक

*

श्रीरामपूर
१२ डिसेंबर २०२५

चि. वाल्मिक,

मामीला पेढे आणायला लावले. तिने विचारलं कशाचे, मी म्हणालो भाच्याला वाचा फुटली.

आता दांडीचं. सरळ केलेली वस्तू हजारदा सरळ करता येते, कारण सरळ एकच असतं. वाकडी वस्तू तशीच वाकडी परत करता येत नाही. मी चाळीस वर्षं पत्रे ठोकले, एक पोचा जसाच्या तसा परत काढता आला नाही मला. तू दांडी वाकवलीस तर तो तिसराच काटा होईल, ना तुझा ना दाजींचा. परत घाटात उभे राहाल.

दाजींना सांग, मेव्हण्याने सांगितलंय, पहिला काटा गेला. तो काही मिळायचा नाही. नवीन काट्याची ओळख करून घ्यायची असेल तर एकच रीत आहे, आम्ही नव्या ट्रकची करायचो ती. सपाट रस्ता धर, जिथे मागे-पुढे कुणाची वर्दळ नाही. भरलेला कॅन मागे ठेव, झाकण घट्ट. आणि संपेपर्यंत चालव. स्वतःच्या हाताने एकदा गाडी कोरडी करून थांबवली की माणसाला काटा कळतो. दुसऱ्याने सांगून कळत नाही. तू बाजूला बस आणि तोंडातून एक अक्षर काढू नकोस.

मामा

*

तिसगाव
२१ डिसेंबर २०२५

ति. मामांस नमस्कार.

आज रविवार, दुपारीच जाऊन आलो. तुमचं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. पेढ्यांचं वगळलं. ऐकून म्हणाले, "तुझा मामा कानानं गेला, पन डोकं हाय अजून."

मिरीच्या रस्त्याला निघालो. आई म्हणाली मीही येते. मी म्हणालो, "आई, आपण गाडी बंद पडायला चाललोय." ती म्हणाली, "मंग मला तर सवय हाय." आणि मागच्या दारातून चढून बसली. अण्णांनी चावी लावली. पाच आठवड्यांनी मी त्यांना ती गाडी चालवताना बघत होतो. गिअर टाकताना हात थोडा थांबला, मग टाकला.

काटा लाल रेषेला टेकला तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी गप्प होतो. गाडी चालत राहिली. दोन्ही बाजूला तुरीचं पीक पिवळं झालेलं होतं. अण्णा सारखे काट्याकडे बघत होते, रस्त्यावर कमी. मग हळूहळू रस्त्याकडे जास्त बघायला लागले. एका नाल्याच्या पुलाशी पोहोचलो तेव्हा म्हणाले, "अजून चालती की." आई मागून म्हणाली, "तुमी म्हनलं म्हनून थांबती का ती."

पुलाच्या पुढे गाडीने पहिला धक्का दिला. अण्णांनी ताबडतोब कडेला घेतली, क्लच दाबला, गाडी घरंगळत एका कडुलिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. इंजिन बंद झालं. काटा लाल रेषेच्या किंचित खाली होता. अण्णांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, बोटाच्या टोकावर चुना घेतला आणि मीटरच्या काचेवर ठिपका ठेवला. मग थोडा विचार करून त्याच्या वर दुसरा ठेवला. "ह्यो बंद पडायचा," म्हणाले, "आन् ह्यो पेट्रोल टाकायचा."

दुसरा ठिपका लाल रेषेवर बसलेला नाही, मामा. बराच वर आणि एका बाजूला आहे. ठिपका नीट गोलही नाही. मी बघितला आणि राहू दिला.

मी कॅन काढायला उतरलो तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे जरा. आज कुटं गाठायचं हाय?" म्हणून आम्ही तिघं लिंबाखाली बसलो. आईने सोबत भाकरी आणली होती, तिच्यासाठी बिनमिठाची आणि आमच्यासाठी ठेचा. एक मोटरसायकलवाला थांबला, काय झालं विचारायला. अण्णा म्हणाले, "पेट्रोल संपलंय." तो म्हणाला, "आणून देऊ का?" अण्णा म्हणाले, "नगं, हाय आमच्याकडं." तो आमच्या तोंडाकडे बघत निघून गेला. आई इतकी हसली की मला भीती वाटली, पण धाप लागली नाही.

मग कॅन ओतला. अण्णांनी स्वतः ओतला, एक थेंब सांडला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मंगळवारी आईला सोडल्यावर जाऊन येतो, असंही ते आपणहून म्हणाले. मी पुढच्या दाराशी गेलो तर आई तिथे आधीच बसलेली होती. तिने मला हाताने मागे जायला सांगितलं.

मी मागे बसलो. ते दोघं परत येईपर्यंत बोलत होते. कानिफनाथांच्या यात्रेला मढीला कोण कोण येणार, आणि सविताताईच्या सासऱ्याने रस्त्याकडची शेताची पट्टी का विकली. व्हॅनच्या आवाजात मला निम्मंच ऐकू आलं. मीही विचारलं नाही.

आपला,
वाल्मिक